दुसऱ्यांच्या सुट्टीचे फोटो बघून आपलं तोंड का उतरतं

मागच्या वर्षी सुट्ट्यांमधे आम्ही सगळे एका मावसबहिणीकडे जमलो होतो आणि निघायच्या आधी ग्रुप फोटो काढायचं ठरलं. तो फोटो कसा निघाला ते जरा सविस्तर सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आधी सोफ्यावर घडी न केलेल्या कपड्यांचा ढीग होता तो उचलून आतल्या पलंगावर टाकला. मग खिडकीतला उजेड डोळ्यावर येतोय म्हणून पडदा ओढला, मग अंधार झाला म्हणून परत अर्धा उघडला. तिचा धाकटा रडत होता, त्याला मोबाइलवर कार्टून दाखवत दाखवत कसाबसा पुढे उभा केला. घरात दोन भाऊ आहेत जे तेव्हा सात-आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते, ते दोन टोकांना जाऊन उभे राहिले, तर आत्या म्हणाली अरे जवळ या, फ्रेममधे मावत नाही, तसे ते आले, खांद्याला खांदा लागला, पण दोघंही सरळ समोर बघत राहिले. बावीस-तेवीस फोटो काढून झाले. त्यातल्या एकात सगळ्यांचे डोळे उघडे होते आणि धाकटाही हसत होता, कारण नेमकं त्याच वेळी कार्टूनमधलं कुणीतरी धपकन पडलं होतं. तो फोटो बहिणीने टाकला.

तीन दिवसांनी रात्री साडेअकराच्या सुमारास मी पडल्या पडल्या स्क्रोल करत होते. दमलेली होते, संध्याकाळी घरात थोडी वादावादीही झाली होती. आणि तो फोटो समोर आला. मनात पहिला विचार आला तो हा की किती छान आहे यांचं, किती धरून असतात एकमेकांना. अहो त्या फोटोत मी आहे, डावीकडून तिसरी. तो कपड्यांचा ढीग मी स्वतः आत नेऊन टाकला होता. सगळं माहीत असून एक क्षण आत कुठेतरी टोचलंच.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की पटलीये. "फोटोत दिसतं तसं काही नसतं" हे माहीत असून भागत नाही. ते सगळ्यांनाच माहीत आहे, शाळेतल्या पोरांना पण माहीत आहे, तरी टोचायचं ते टोचतंच, कारण तुलना आधी होऊन जाते आणि शहाणपण मागून येतं. म्हणून सुट्टीच्या दिवसांत स्वतःला समजावत बसण्यापेक्षा आपल्या डोळ्यासमोर काय येतंय, कधी येतंय आणि त्या वेळी आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे बदललं तर जास्त उपयोग होतो. असं का, ते जरा मुळापासून बघू.

१९५४ मधे लिऑन फेस्टिंजर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की आपण कुठे आहोत, बरे आहोत की कमी पडतोय, हे माणसाला सतत जाणून घ्यायचं असतं. जिथे मोजायला काही साधन आहे तिथे आपण ते वापरतो, उंचीला टेप आहे, तापाला थर्मामीटर आहे. पण जिथे असलं काही साधनच नाही तिथे आपण आजूबाजूच्या माणसांकडे बघून अंदाज बांधतो. आता मला सांगा, "सुट्टी चांगली गेली का" हे कुठल्या टेपने मोजणार? "आमच्या घरात सगळे खूश आहेत ना" हे कशाने मोजणार? काहीच नाही, म्हणून नजर शेजारी जाते. यात हलकेपणा काही नाही, मेंदूची ती रोजची कामाची पद्धत आहे, आणि "मी इतकी कशी जळकी" म्हणून स्वतःलाच दोष देत बसणारी माणसं बघितली की मला खरंच वाईट वाटतं.

फेस्टिंजरने अजून एक गोष्ट सांगितली होती आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण वाटेल त्या माणसाशी तुलना करत नाही, आपल्यासारख्या माणसांशी करतो. एखाद्या अब्जाधीशाने स्वतःच्या बेटावर सुट्टी घालवली तर आपण बघतो आणि पुढे जातो, तो आपल्या हिशोबातच नसतो. पण कॉलेजात शेजारच्या बाकावर बसणारी, साधारण आपल्याइतकंच कमावणारी, आपल्याच मुलांच्या वयाची मुलं असणारी मैत्रीण डोंगरावर बर्फात उभी दिसली की मात्र चैन पडत नाही, हिला जमतं मग मला का नाही. आणि आपला फीड, म्हणजे ॲप उघडलं की समोर येणाऱ्या पोस्ट, कुणाचा बनलेला असतो? अशाच लोकांचा. जुने वर्गमित्र, ऑफिसातले, नात्यातले, सोसायटीतले. म्हणजे तुलनेसाठी ज्या माणसांची निवड मेंदूने स्वतः केली असती तीच माणसं आपण आधीच एका यादीत गोळा करून ठेवलेली आहेत.

"थोडक्यात हुकलं" ही भावना तर अजून वेगळीच. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या पदकविजेत्यांचे व्हिडिओ घेऊन त्यांचे चेहरे किती आनंदी दिसतात याचा एक अभ्यास १९९५ मधे छापून आला होता. त्यात ब्राँझ मिळालेले खेळाडू सिल्व्हर मिळालेल्यांपेक्षा जास्त खूश दिसले. सिल्व्हरवाल्याच्या डोक्यात हुकलेलं गोल्ड असतं आणि ब्राँझवाल्याच्या डोक्यात असतं की अरे बापरे, थोडक्यात वाचलो, नाहीतर हात हलवत परत जावं लागलं असतं. सुट्टीत हेच होतं. ज्या ट्रिपचा आपण विचार केला होता आणि शेवटी रद्द केली, नेमक्या त्याच ट्रिपचा दुसऱ्याचा फोटो सगळ्यात जास्त लागतो. जिथे जायचं कधी डोक्यातही नव्हतं तिथले फोटो आपण मजेत बघतो.

आता थोडं गणित, सोपं आहे. समजा तुमच्या यादीत ३०० माणसं आहेत, आणि समजा प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यातून फक्त एक असा दिवस येतो की फोटो टाकावासा वाटावा. बाकीचे एकोणतीस दिवस त्यांचे तुमच्यासारखेच, भांडी, बिलं, सर्दी, ट्रॅफिक. तरी ३०० भागिले ३० म्हणजे तुमच्या स्क्रीनवर रोज सरासरी १० झकास दिवस येणार. तुमचा स्वतःचा मात्र महिन्यातून एकच. तुमचं काही कमी नाही, त्यांचं काही जास्त नाही, सगळे अगदी सारखे, तरी रोज दहाविरुद्ध शून्य असा सामना दिसतो. आणि सणाच्या दोन-तीन दिवसांत तर सगळ्यांचा तो महिन्यातला एक दिवस एकाच वेळी येतो, मग दहाचे शंभर होतात. मेंदू या शंभर फोटोंचे शंभर वेगवेगळे मालक लक्षात ठेवत नाही. तो त्याचं एकच घर बनवून टाकतो, जिथे नवरा-बायको हातात हात घालून फिरतात, मुलं शहाणी आहेत, आजी-आजोबा ठणठणीत आहेत, घर आवरलेलं आहे, प्रवास चालू आहे आणि कुणालाच पैशाची काळजी नाही. असं घर जगात कुठेच नाही. पण आपली तुलना त्या घराशी चालू असते.

याच्यावर अजून एक भर पडते. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मधे दाखवून दिलं की बहुतेक लोकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण चार माणसं घ्या. एकाची बाकी तिघांशी मैत्री आहे आणि त्या तिघांची आपापसात ओळखच नाही. मग एकाला तीन मित्र, तिघांना एकेक मित्र, चौघांची सरासरी काढली तर दीड. पण त्या तिघांपैकी प्रत्येकाने आपल्या मित्राकडे बघितलं तर त्याला काय दिसतं, "याला तर तीन मित्र आहेत, मला एकच". चारातल्या तिघांना आपण एकटे पडलोय असं वाटणार आणि यात कुणाचीही चूक नाही, ज्याचे संबंध जास्त तो जास्त लोकांच्या यादीत, एवढंच. फीडमधे तसंच होतं. जे जास्त लोकांना भेटतात, जास्त फिरतात, जास्त पोस्ट करतात तेच सारखे दिसतात. जो माणूस दोन दिवस घरी चादर ओढून झोपला तो कुठे दिसणार.

मग उरलेलं काम अल्गोरिदम करतो. फेसबुकवर लाइकचं बटण २००९ मधे आलं. इन्स्टाग्राम २०१० मधे सुरू झालं तेव्हा फोटो साधे वेळेच्या क्रमाने दिसायचे, २०१६ मधे ते बदलून तुम्हाला कशात रस असेल त्याचा अंदाज घेऊन क्रम लावायला लागले. लोक कशावर थांबतात, कशावर भरभरून कमेंट करतात? साखरपुडा, नवीन बाळ, नवीन घर, लांबचा प्रवास. म्हणजे आधी माणसाने स्वतःच्या महिन्यातला सगळ्यात चांगला क्षण निवडला, मग त्या क्षणाच्या तेवीस फोटोंतला सगळ्यात चांगला निवडला, आणि मग अशा निवडलेल्या फोटोंमधले सगळ्यात जास्त गाजलेले मशीनने निवडून तुमच्यापुढे वर आणले. तीन चाळण्यांतून गाळून आलेली ही गोष्ट, आणि समोर आपण असतो तो न गाळलेला आख्खा दिवस घेऊन.

लोक दुःख लपवतात हे आपल्याला कळतं, पण किती लपवतात याचा अंदाज मात्र नेहमी चुकतो. २०११ मधे अलेक्झांडर जॉर्डन आणि सहकाऱ्यांचं एक संशोधन आलं होतं, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर. त्यात दिसलं की विद्यार्थी आपल्या बरोबरीच्या मुलांची दुःखं असतात त्यापेक्षा कमी धरून चालतात, कारण रडणं आणि एकटं वाटणं हे माणूस एकांतात करतो आणि हसणं चारचौघात. यात सोशल मीडिया लागतच नाही, समोरासमोरही हे होतं. फक्त समोरासमोर निदान डोळ्याखालची काळी वर्तुळं दिसतात, बोलता बोलता आवाज बसलेला कळतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्याच अजून एका अभ्यासात असं आढळलं की जे विद्यार्थी जास्त काळापासून फेसबुक वापरत होते त्यांना "बाकीचे माझ्यापेक्षा सुखी आहेत" असं जास्त वाटायचं, आणि जे मित्रांबरोबर प्रत्यक्ष बाहेर जास्त वेळ घालवायचे त्यांना तसं कमी वाटायचं. मला हे दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं.

सुट्टीतच हे सगळं का वाढतं? एक तर हातात रिकामा वेळ असतो. दुसरं म्हणजे एरवी प्रत्येकाचं वेगवेगळं चाललेलं असतं, कुणाची परीक्षा, कुणाचं प्रमोशन, त्यामुळे थेट तुलना होत नाही. सणासुदीला मात्र सगळ्यांना एकच पेपर दिल्यासारखा असतो, तोच दिवस, तेच कपडे-सजावट-नातेवाईक, आणि सगळ्यांचे निकाल त्याच संध्याकाळी लागतात. वर्ष संपत आलेलं असेल तर वर्षाचा हिशोबही डोक्यात चालू होतो, काय ठरवलं होतं आणि काय झालं. आणि सगळ्यात जड म्हणजे या दिवसांनी आनंदी असलंच पाहिजे अशी एक सक्ती असते. साध्या मंगळवारी उदास वाटलं तर वाटलं, पण सणाच्या दिवशी उदास वाटलं की त्या उदासीबद्दल वर अजून वाईट वाटतं.

ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलंय, त्या घरासाठी हे दिवस काय असतात ते त्यांनाच माहीत. ज्यांचं लग्न मोडलंय, ज्यांना मूल हवंय आणि होत नाहीये, ज्यांची नोकरी गेलीये, जे लांब दुसऱ्या शहरात एकटे राहतात. आणि ज्यांना सुट्टीच नसते असे किती लोक आहेत, नर्स, ड्रायव्हर, वॉचमन, पोलीस, नाइट शिफ्टवाले, त्यांना ब्रेकमधे दहा मिनिटं मिळतात आणि फोन उघडला की सगळं जग एकत्र बसलेलं दिसतं. या लोकांना "तुलना करू नका" एवढं सांगून सोडून देणं मला बरोबर वाटत नाही. त्यांना जे टोचतं ती नुसती तुलना नसते, खरी उणीव असते, आणि फोटो फक्त तिच्यावर बोट ठेवतो. त्यांनी तेवढे दिवस ॲप काढून टाकलं तर तो पळपुटेपणा नाही, जखमेला धक्का लागू नये म्हणून हात बाजूला घेण्यासारखं आहे.

आणि हो, स्वतःशीच होणारी तुलना राहिली. फेसबुकने २०१५ मधे जुन्या वर्षांतला आजचा दिवस परत दाखवायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या सहा वर्षांपूर्वीचा फोटो येतो, तेव्हा सगळे होते. तिथे सेटिंगमधे जाऊन ठराविक माणसं आणि ठराविक तारखा त्या आठवणींतून वगळता येतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आठवण काढायची की नाही आणि कधी काढायची हे आपलं आपण ठरवावं, फोनने नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. सोशल मीडिया सगळ्यांनाच त्रास देतो असं नाही. २०२० मधे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ६३ किशोरवयीन मुलामुलींना आठवडाभर, दिवसातून अनेक वेळा, फोनवरच प्रश्न विचारले. नुसतं बघत बसल्यावर ४६ टक्क्यांना बरं वाटत होतं, ४४ टक्क्यांना काहीच फरक पडत नव्हता आणि १० टक्क्यांना वाईट वाटत होतं. अभ्यास छोटा आहे, एका वयोगटाचा आहे, तरी मुद्दा पटतो, तेच फोटो एकाला आनंद देतात आणि दुसऱ्याला खाली ओढतात. मी तर म्हणेन की एकाच माणसाचंही तसंच असतं. तोच ग्रुप फोटो मी सकाळी झोप झालेली असताना बघितला असता तर हसून लाइक करून सोडून दिला असता. म्हणून आधी दोन-तीन दिवस फक्त लक्ष ठेवा की कुठल्या वेळी, कुणाचं बघून, बघितल्यावर कसं वाटतं. तुम्ही त्या ४६ मधले असाल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, खुशाल बघा.

बाकीच्यांसाठी. सगळ्यात आधी यादी. फेसबुकवर एखाद्याला ३० दिवस स्नूझ करता येतं, म्हणजे तेवढे दिवस त्याच्या पोस्ट आपल्याला दिसत नाहीत, ही सोय त्यांनी २०१७ च्या डिसेंबरात आणली. इन्स्टाग्रामवर म्यूट करता येतं, २०१८ पासून. व्हॉट्सॲपचं स्टेटसही म्यूट होतं. समोरच्याला यातलं काहीही कळत नाही, मैत्री तशीच राहते. यात अपराधी वाटायचं कारण नाही, आणि ज्या माणसाचं बघून टोचतं तो माणूस वाईट असतो असंही नाही, उलट बऱ्याचदा तो आपल्याला जवळचा असतो म्हणूनच टोचतं. मी दोन जवळच्या मैत्रिणींना महिनाभर म्यूट केलं होतं आणि त्या महिन्यात त्यांना मी जास्त फोन केले, कारण काय चाललंय ते विचारल्याशिवाय कळत नव्हतं ना.

मग वेळ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मधे १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, त्यातल्या एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज १० मिनिटंच वापरायला सांगितलं, तीन आठवडे. त्यांचा एकटेपणा आणि उदासी दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली, आणि ज्यांना सुरुवातीला जास्त उदास वाटत होतं त्यांना जास्त फायदा झाला. गंमत म्हणजे ज्यांना काहीच बंधन नव्हतं त्यांचीही अस्वस्थता आणि "आपलं काहीतरी राहून जातंय" ही धास्ती थोडी उतरली, संशोधकांचा अंदाज असा की आपण किती वापरतो यावर नजर ठेवली गेली त्याचाच तो परिणाम असावा. म्हणजे पूर्ण बंद करायला पाहिजे असं नाही. पूर्ण बंद केलं तर काय होतं तेही बघितलं गेलंय, २०१८ मधेच अमेरिकेत काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं, त्यांचा रोजचा साधारण तासभर मोकळा झाला, मनाला बरं वाटण्यात थोडी सुधारणा झाली, थोडीच, चमत्कार नाही. पण तो तास कुठे गेला तर काही टीव्हीपुढे आणि काही घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर. सुट्टीत रोज एक तास जास्तीचा मिळणं काही कमी नाही.

यात वेळ किती यापेक्षा वेळ कोणती हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रात्री अंथरुणात, भांडण झाल्यावर, कुणाची वाट बघताना, पोटात भूक असताना फोन उघडू नये. माझ्याकडे आता चार्जर बाहेरच्या खोलीत असतो, बस, एवढंच केलं. रात्री उठून तिथे जायचा कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्यानेच निम्मं काम होतं, मनाचा निग्रह वगैरे काही लागत नाही.

आणि तरीही टोचलं तर? टोचणारच कधीतरी. तेव्हा मराठीतलेच दोन शब्द मला उपयोगी पडतात, हेवा आणि मत्सर. आपण बोलताना दोन्ही एकत्र करून टाकतो पण आतून त्यांची चव वेगळी आहे. हेव्यात "तिच्याकडे आहे तसं मला पण हवंय" असतं, मत्सरात "तिच्याकडे तरी कशाला आहे" असतं. डच भाषेतही यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि तिथल्याच नील्स फान द फेन या संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर २००९ मधे दाखवलं की हे दोन वेगळे अनुभव आहेत, पहिल्यात माणूस स्वतः वर चढायला बघतो, दुसऱ्यात समोरच्याला खाली ओढावंसं वाटतं. तर टोचल्यावर स्वतःला विचारायचं, मला यातलं नेमकं काय हवंय? त्या बर्फातल्या मैत्रिणीचा फोटो बघून मी हे एकदा खरंच केलं. मला बर्फ नको होता, थंडी मला सोसत नाही. मला तिच्या बाजूला उभी असलेली तिची बहीण हवी होती, म्हणजे माझी बहीण हवी होती, जिला मी दीड वर्ष नीट भेटले नव्हते. बर्फासाठी मी काहीच करू शकले नसते, बहिणीसाठी तिकीट काढता आलं.

आपण स्वतः जे टाकतो त्याबद्दलही थोडं. फोटो काढूच नका असं म्हणणारे असतात, मला ते पटत नाही, फोटो काढताना माणूस उलट जास्त लक्ष देऊन बघतो. पण २०१८ मधे अलिक्झान्ड्रा बाराश आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असं दिसलं की स्वतःच्या आठवणीसाठी फोटो काढणाऱ्यांपेक्षा सोशल मीडियावर टाकण्यासाठी काढणाऱ्यांना त्या क्षणाचा आनंद कमी मिळतो, कारण काढतानाच "लोकांना कसं वाटेल" ही काळजी सुरू होते. यावर साधा उपाय म्हणजे काढा भरपूर, टाका दोन-तीन दिवसांनी, घरी परत आल्यावर. तोपर्यंत तो दिवस आपला झालेला असतो.

नुसतं बघत राहणं आणि बोलणं यातही फरक आहे. २०१५ मधल्या एका प्रयोगात काही जणांना फेसबुकवर फक्त बघायला सांगितलं आणि काहींना लिहायला, बोलायला, आणि नुसतं बघणाऱ्यांचा मूड दिवसअखेर उतरलेला दिसला. सगळ्या अभ्यासांमधे हा फरक इतका स्पष्ट येत नाही, आधी सांगितलेले ते ४६ टक्के आहेतच. पण माझ्यापुरतं तरी हे खरं ठरलंय.

त्या रात्री साडेअकराला मी त्या ग्रुप फोटोखाली हार्ट टाकणार होते, ते टाकलं नाही. मावसबहिणीला मेसेज केला, "झोपलीस का? आम्ही गेल्यावर ते दोघं बोलले का गं एकमेकांशी?" तिचा लगेच फोनच आला. नव्हते बोलले. फोटो झाल्यावर दहा मिनिटांत एक जण निघून गेला आणि आत्या आतल्या खोलीत जाऊन त्या कपड्यांच्या ढिगाजवळ बसून कपडे घडी करत रडत होती, आणि त्या फोटोवर आलेल्या कमेंट वाचून बहिणीला गेले तीन दिवस कसंतरीच होत होतं, कारण सगळे लिहीत होते की असं घर पाहिजे. आम्ही पाऊण तास बोललो. पुढच्या रविवारी आत्याकडे दोघी मिळून जायचं ठरवलं आणि फोन ठेवला.